ब्रिटनच्या वर्क व्हिसावर बाळंतपण: ‘नो पब्लिक फंड्स’मध्ये काय येतं आणि काय येत नाही

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. यजमान इंग्लंडमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावर आहेत आणि तुम्ही त्यांच्या डिपेंडंट. तुमची स्वतःची नोकरी दीड वर्षापासून चालू आहे आणि आता सहावा महिना लागला आहे. मिडवाइफने तीन गोष्टी सांगितल्या: नोकरीत द्यायचं मॅट-बी-वन सर्टिफिकेट (गरोदरपणाचा आणि प्रसूतीच्या अपेक्षित तारखेचा दाखला), मोफत औषधांचं कार्ड आणि ५०० पौंडांची एक मॅटर्निटी ग्रँट. घरी येऊन ग्रुपवर विचारलंत, तर एकाने बजावलं की सरकारचा एक पैसाही घेऊ नका, आयएलआर (इथे कायमचं राहण्याचा परवाना) जाईल. दुसरीने सांगितलं की आम्ही चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) दोन वर्षं घेतोय, कोणी विचारत नाही. यजमानांच्या कंपनीत कपातीची कुजबुज आहे, आणि बाळंतपणाला तुमच्या आई भारतातून येणार आहेत. यातलं काय घ्यायचं नि कशाला हात लावायचा नाही?

ग्रुपवरचे दोघंही चुकलेत. पहिल्याचं ऐकलंत तर हक्काचे काही हजार पौंड सोडून द्याल. दुसरीचं ऐकलंत तर ‘नो पब्लिक फंड्स’ ही व्हिसाची अट मोडाल. मी इथे व्हिसाच्या कामातला नोंदणीकृत सल्लागार आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मराठी कुटुंबांचा घोळ याच ठिकाणी होतो: ‘पब्लिक फंड्स’ म्हणजे सरकारी पैसा, असं सगळे धरून चालतात. तसं ते नाही.

इथल्या इमिग्रेशन नियमांत ‘पब्लिक फंड्स’ ही एक बंद यादी आहे. तिच्यात नावानिशी लिहिलेले भत्ते तेवढे तुम्हाला बंद, आणि जे त्या यादीत नाही ते पब्लिक फंड नाही, मग त्याचा खर्च सरकार करत असलं तरीही. यामागे १९९९ च्या इमिग्रेशन अँड असायलम अॅक्टचं कलम ११५ आहे. यादीत मुख्यतः युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नावर मिळणारा मुख्य भत्ता), चाइल्ड बेनिफिट, हाउसिंग बेनिफिट, पेन्शन क्रेडिट, काउन्सिल टॅक्स रिडक्शन (काउन्सिल म्हणजे स्थानिक पालिका, तिच्या घरकरातली एक सवलत), अपंगत्वाचे भत्ते (पिप, डीएलए, अटेंडन्स अलाउन्स), केअरर्स अलाउन्स, सोशल फंडातून मिळणाऱ्या रकमा, काउन्सिलचं घर आणि बेघरांना काउन्सिल देते ती घराची मदत, एवढं येतं. जुन्या काही भत्त्यांची नावंही आहेत, पण ते आता नव्याने कुणाला मिळत नाहीत.

ही यादी बारकाईने पाहिलीत तर तिच्यातलं सूत्र दिसेल. उत्पन्न कमी आहे म्हणून, किंवा तुम्ही इथले रहिवासी आहात एवढ्यावर मिळणारी मदत यादीत आहे. तुम्ही पगारातून नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक विम्याची वर्गणी) भरलात किंवा नोकरी केलीत म्हणून जे मिळतं, ते यादीत नाही. शाळा, दवाखाना, पोलीस, ग्रंथालय या सेवाही नाहीत. हे सूत्र अगदी शंभर टक्के लागू पडत नाही, पण फॉर्म हातात आल्यावर पहिला अंदाज बांधायला पुरतं.

दुसरी एक गाठ मात्र लक्षात ठेवावी लागते. एखादी गोष्ट यादीत नाही एवढ्याने ती तुम्हाला मिळेलच असं नाही. काही योजनांच्या स्वतःच्या पात्रतेत व्हिसाची अट घातलेली असते. नर्सरीच्या तासांचं तसंच आहे, त्याकडे खाली येतो.

आता तुमच्या मिडवाइफच्या तीन गोष्टी घेऊ.

मॅट-बी-वन आधी, कारण मोठी रक्कम तिथे आहे आणि मुदतही तिथेच आहे. स्टॅट्युटरी मॅटर्निटी पे (एसएमपी), म्हणजे बाळंतपणाच्या रजेत कायद्याने मिळणारा पगार, हा पब्लिक फंड नाही. तो पगारासारखा पगाराबरोबर येतो, त्यावर कर कापला जातो आणि तो तुमच्या नोकरीतून मिळालेला हक्क आहे. लोक घाबरतात, कारण कंपनी त्यातला बहुतेक भाग पुढे एचएमआरसीकडून, म्हणजे इथल्या करखात्याकडून, वळता करून घेते. म्हणजे शेवटी पैसा सरकारचाच, असा तर्क. पण कंपनी आणि सरकार यांच्यातला तो हिशेब त्यांचा, त्याने तुमच्या व्हिसाला धक्का लागत नाही.

पात्रता दोन गोष्टींवर ठरते. प्रसूतीच्या अपेक्षित आठवड्याच्या आधीचा पंधरावा आठवडा येईपर्यंत त्याच कंपनीत सलग २६ आठवडे नोकरी झालेली हवी. तुमची झाली आहे. दुसरं म्हणजे त्या सुमाराच्या साधारण दोन महिन्यांतली आठवड्याची सरासरी कमाई ठरावीक मर्यादेच्या खाली नको. २०२५-२६ साठी ती १२५ पौंड होती. पहिले सहा आठवडे सरासरी पगाराच्या ९० टक्के मिळतात आणि पुढचे ३३ आठवडे १८७.१८ पौंड किंवा पगाराचे ९० टक्के, यांपैकी जे कमी असेल ते. हे दरही २०२५-२६ चे आहेत आणि एप्रिलमध्ये बदलतात. रजा मात्र ५२ आठवड्यांपर्यंत घेता येते, शेवटचा भाग बिनपगारी.

त्याच पंधराव्या आठवड्यापर्यंत कंपनीला कळवायचं असतं, आणि सहाव्या महिन्यात ती वेळ अगदी तोंडावर आलेली असते. त्यामुळे मॅट-बी-वनची मूळ प्रत एचआरला द्या, एक फोटो स्वतःकडे ठेवा आणि रजा कोणत्या तारखेपासून हवी ते ईमेलवर लिहा. तोंडी सांगून थांबू नका. एचआरच्या टेबलावर गेलेला कागद ‘आला नाही’ असं नंतर ऐकायला मिळतं आणि मग आठव्या महिन्यात तुम्ही धावपळ करत बसता. हिशेबाच्या दोन महिन्यांत ओव्हरटाइम मिळाला तर सरासरी वाढते, बिनपगारी रजा टाकलीत तर कमी होते. हे बऱ्याच जणींना नंतर कळतं.

समजा काही कारणाने कंपनी म्हणाली की तुम्ही बसत नाही, तर तिला एसएमपी-वन हा फॉर्म कारणासह द्यावा लागतो. तो घेऊन मॅटर्निटी अलाउन्ससाठी अर्ज करता येतो. हा अलाउन्स थेट सरकारकडून बँकेत येतो, म्हणून भीती जास्त वाटते, पण तोही पब्लिक फंडांच्या यादीत नाही. इथे कोणी अडवलं तर बिचकू नका.

यजमानांनाही दोन आठवड्यांची पितृत्व रजा आणि तिचा वैधानिक पगार घेता येतो. त्यांचा व्हिसा पगाराच्या किमान आकड्यावर उभा आहे, मग रजेत पगार कमी झाला तर काय, असं ते विचारतीलच. मातृत्व, पितृत्व आणि आजारपणाची वैधानिक रजा हे त्या नियमाला अपवाद आहेत. त्यामुळे कंपनीला स्पॉन्सरशिप (ज्या हमीवर त्यांचा व्हिसा आहे ती) थांबवावी लागत नाही.

दुसरी गोष्ट मोफत औषधांची. एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, पब्लिक फंड नाही, शिवाय तुम्ही तिचे पैसे आगाऊ मोजलेले आहेत. व्हिसाच्या वेळी भरलेला हेल्थ सरचार्ज आठवत असेलच. फेब्रुवारी २०२४ पासून तो मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आहे. (हेल्थ अँड केअर व्हिसावाल्यांना तो माफ असतो.) त्यात जीपी (फॅमिली डॉक्टर), सगळ्या तपासण्या, प्रसूती, गरज पडल्यास सिझेरियन, सगळं आलं. मॅटर्निटी एक्झेम्प्शन सर्टिफिकेट घेतलंत की गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर बारा महिन्यांपर्यंत इंग्लंडमध्ये प्रिस्क्रिप्शनची औषधं आणि एनएचएसचे दातांचे उपचार मोफत. दातांचं काम राहिलं असेल तर याच काळात उरकून घ्या. एनएचएसचा डेंटिस्ट सापडणं हीच खरी परीक्षा, पण तो सापडलाच तर बिल येणार नाही. सरचार्ज भरूनही इंग्लंडमध्ये न मिळणारी एक मोठी गोष्ट म्हणजे आयव्हीएफसारखे उपचार. २०१७ पासून ते वगळलेले आहेत.

तिसरी, ५०० पौंडांची शुअर स्टार्ट मॅटर्निटी ग्रँट. ही सोशल फंडातून येते, म्हणजे सरळ यादीतली. हिचा फॉर्म भरू नका. मिडवाइफ प्रत्येक बाईला सांगते त्यात तिने ते सांगितलं, तुमचा व्हिसा पाहणं तिचं काम नाही. इथे मी सगळ्यांना बजावतो: काउन्सिलचा कारकून, जॉबसेंटरमधला (सरकारी रोजगार कार्यालयातला) माणूस, शाळेची ऑफिसवाली बाई, कोणीही ‘यू कॅन अप्लाय’ म्हटलं म्हणजे ते व्हिसाच्या दृष्टीने तपासलेलं असतं असं नाही. अट तुमच्यावर आहे, त्यांच्यावर नाही.

चाइल्ड बेनिफिट हा सगळ्यात मोठा सापळा आहे, कारण त्याचा फॉर्म अगदी साळसूद असतो. बाळाची जन्मनोंद ४२ दिवसांच्या आत करावी लागते, आणि रजिस्ट्रारकडे गेलात की चाइल्ड बेनिफिटबद्दलही कळतं. २०२५-२६ मध्ये पहिल्या मुलासाठी आठवड्याला २६.०५ पौंड होते. मूल इथे जन्मलं, आम्ही कर भरतो, मग मुलाच्या नावाचा पैसा मुलाला का नको, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण हक्क मुलाच्या नावावर चालत नाही, अर्ज करणाऱ्या पालकाच्या इमिग्रेशन स्थितीवर चालतो. तुम्हा दोघांच्या व्हिसावर ती अट आहे, म्हणून तुमच्यापैकी कोणालाच अर्ज करता येणार नाही.

आणि बाळ इथे जन्मलं म्हणून ब्रिटिश होईल हाही गैरसमज आहे. १ जानेवारी १९८३ पासून तसं होत नाही. जन्माच्या वेळी आई किंवा वडील यांपैकी एकजण ब्रिटिश नागरिक किंवा आयएलआरधारक असावा लागतो.

आयटीतल्या मंडळींकडून एक पळवाट नेहमी ऐकतो. साठ हजार पौंडांच्या वर पगार असला की चाइल्ड बेनिफिटवर जादा कर लागतो आणि ऐंशी हजारांवर सगळंच परत जातं. म्हणून इथले लोक अर्ज करतात आणि ‘पैसे नकोत’ अशी खूण करतात. त्यावरून आपल्यातले काही जण म्हणतात, आम्हीही फक्त अर्ज केला, पैसे कुठे घेतले? माझं मत स्पष्ट आहे: करू नका. ज्याचा हक्कच कायद्याने नाही त्याचा अर्ज करून काही कमवायचं नाही, आणि सरकारी नोंदीत तुमच्या नावापुढे दावा मात्र उमटतो.

ग्रुपवरच्या त्या दुसऱ्या ताईंचं काय? ते सांगायला त्यांचा व्हिसा बघावा लागेल. त्यांचे यजमान ब्रिटिश असतील किंवा आयएलआरवर असतील, तर यजमानांच्या नावाने घेतलेला चाइल्ड बेनिफिट पूर्णपणे वैध आहे आणि पत्नीच्या व्हिसाला त्याने काही होत नाही. बऱ्याचदा गोष्ट एवढीच असते, पण ग्रुपवर सांगताना नेमका तोच भाग गळतो. युनिव्हर्सल क्रेडिटमध्येही हक्क असलेला जोडीदार अर्ज करू शकतो, मात्र त्याला एकट्या माणसाच्या दराने मिळतं. दुसऱ्याला धरून रक्कम वाढली की प्रश्न सुरू होतो.

पण दोघंही वर्क व्हिसावर असतील तर गोष्ट वेगळी. कोणी विचारत नाही हे आज खरं असेल. एचएमआरसी आणि होम ऑफिस (व्हिसा देणारं गृहखातं) यांच्यात माहितीची देवाणघेवाण होते आणि व्हिसा वाढवताना किंवा आयएलआरच्या फॉर्मवर हा प्रश्न स्वतंत्रपणे येतो. व्हिसाची अट जाणूनबुजून मोडणं हा १९७१ च्या इमिग्रेशन अॅक्टखाली गुन्हाही ठरू शकतो. प्रत्यक्षात खटले क्वचित होतात, अर्ज नाकारले जाण्याचा धोका मोठा. त्यातच नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने मांडलेल्या प्रस्तावात, पब्लिक फंड्स घेतलेल्यांना कायमच्या परवान्यासाठी आणखी पाच ते दहा वर्षं थांबायला लावण्याची कल्पना आहे. कोणी चुकून घेतले असतील तर आजच एचएमआरसीला कळवून थांबवा, परतफेड ठरवा, त्यांच्या पत्राची प्रत जपून ठेवा आणि पुढच्या व्हिसाअर्जाच्या आधी सल्लागाराला दाखवा. फॉर्ममध्ये लपवणं हा सगळ्यात वाईट मार्ग. मूळ चूक परवडते, खोटी माहिती दिल्याचा शिक्का परवडत नाही.

बाळाबद्दल एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण सांगितलीच पाहिजे. इथे जन्मलेल्या बाळाला इथे राहण्यासाठी लगेच व्हिसा लागत नाही, म्हणून लोक म्हणतात की भारतात जायच्या आधी काढू. दवाखान्याच्या दृष्टीने हे महागात पडू शकतं. सरचार्ज भरलेल्या पालकांच्या नवजात बाळाला एनएचएसच्या शुल्कातून सूट मिळते ती तीन महिन्यांची. त्यानंतर बाळाच्या नावाने स्वतःचा व्हिसाअर्ज आणि सरचार्ज नसेल तर हॉस्पिटलच्या उपचारांचं बिल येऊ शकतं. म्हणून जन्मनोंद झाली की लगेच हायकमिशनकडे भारतीय पासपोर्टचा अर्ज, आणि पासपोर्ट हातात आला की डिपेंडंट व्हिसा. तीन महिने ऐकायला भरपूर वाटतात, पण रात्रीची झोप उडालेल्या घरात ते पटकन निघून जातात.

आता काउन्सिल टॅक्स. इथे दोन शब्द शेजारी शेजारी बसलेले असतात आणि माणूस चुकीच्या बटणावर बोट ठेवतो. ‘डिस्काउंट’ चालतं, ‘रिडक्शन’ चालत नाही. घरात एकच प्रौढ राहत असेल तर २५ टक्के सूट, पूर्ण वेळ विद्यार्थ्यांची माफी, अपंग व्यक्तीसाठी घरात बदल केले असतील तर कराचा टप्पा (बँड) एक पायरी खाली येणं, हे सगळं कराच्या नियमांतलं आहे आणि पब्लिक फंड नाही. काउन्सिल टॅक्स रिडक्शन, ज्याला काही काउन्सिलांच्या वेबसाइटवर ‘सपोर्ट’ म्हणतात, ते कमी उत्पन्नावर मिळतं आणि यादीत आहे. ओळखण्याची सोपी खूण: फॉर्म तुमचा पगार, बचत, बँकेतली शिल्लक विचारू लागला की थांबा. घरात कोण कोण राहतं एवढंच विचारत असेल तर तो बहुधा डिस्काउंटचा.

भाड्याच्या घराला अडचण नाही. काउन्सिलच्या घरासाठी प्रतीक्षायादीत नाव घालू नका, एवढंच.

शाळा आणि नर्सरी. सरकारी शाळेतलं मोफत शिक्षण पब्लिक फंड नाही, त्याबद्दल मनात किंतू ठेवू नका. इंग्लंडमध्ये रिसेप्शन ते इयर टू पर्यंतच्या (साधारण चार ते सात वर्षांच्या) मुलांना शाळेत दुपारचं जेवण सगळ्यांनाच मोफत असतं. लंडनमधल्या सरकारी प्राथमिक शाळांत सप्टेंबर २०२३ पासून वरच्या इयत्तांनाही मिळतं. ते घ्यायला हरकत नाही. त्यापुढच्या इयत्तांत उत्पन्न कमी असलेल्या व्हिसाधारक कुटुंबांसाठीही सोय आहे, शाळेच्या ऑफिसात विचारा.

नर्सरीचे १५ तास तीन-चार वर्षांच्या प्रत्येक मुलाला मिळतात, व्हिसा कोणताही असो. पण नोकरदार आईवडिलांसाठीचे ३० तास, जे सप्टेंबर २०२५ पासून नऊ महिन्यांच्या बाळापासून सुरू झाले, त्यांच्या पात्रतेतच ‘पब्लिक फंड्सची परवानगी हवी’ अशी अट आहे. वर म्हटलं ती गाठ हीच: योजना यादीत नाही, तरी दरवाजा बंद. टॅक्स-फ्री चाइल्डकेअरचंही तेच. तुमच्यापैकी एकाला जरी परवानगी असती तर त्याने अर्ज केला असता, पण दोघंही त्याच अटीखाली आहात. तेव्हा कामावर परतल्यावर नर्सरीचं पूर्ण बिल तुमच्या खिशातून जाणार हे धरूनच हिशेब करा. माझ्या मते आपल्या कुटुंबांना सगळ्यात जास्त झळ इथे बसते, आणि नेमकं याचंच नियोजन कोणी आधी करत नाही. बाळंतपणाच्या रजेत ज्यांनी दर महिन्याला थोडं बाजूला टाकलं, त्यांचं पहिलं वर्ष निभावतं.

यजमानांच्या नोकरीचं. कपात झाली आणि दोन वर्षांची नोकरी असेल, तर वैधानिक रिडंडन्सी पे मिळतो. तो नोकरीचा हक्क आहे, बेनिफिट नाही. जॉबसीकर्स अलाउन्सचे (बेकारी भत्त्याचे) दोन प्रकार होते: उत्पन्नावर आधारलेला यादीत आहे, नॅशनल इन्शुरन्सवर आधारलेला ‘न्यू स्टाइल’ यादीत नाही. मागच्या दोन-तीन वर्षांत पुरेसा नॅशनल इन्शुरन्स भरला असेल तर तो सहा महिन्यांपर्यंत मिळू शकतो. अडचण अशी की जॉबसेंटरला गेलं की बोलणं युनिव्हर्सल क्रेडिटकडे वळतं. दोन्हींचे अर्ज वेगळे आहेत, ‘न्यू स्टाइल’ हे शब्द वाचल्याशिवाय पुढचं पान उघडू नका. शिवाय त्यासाठी तुम्ही कामाला मोकळे असायला हवेत, आणि स्पॉन्सर सुटलेल्या माणसाला कोणतंही काम पत्करता येत नाही. त्यामुळे दावा टिकेल की नाही हे व्हिसाच्या स्थितीवर अवलंबून राहतं. या भत्त्याच्या भरवशावर घर चालवायचं ठरवू नका.

खरं घड्याळ वेगळंच असतं. नोकरी गेली की कंपनीने दहा कामकाजी दिवसांत होम ऑफिसला कळवायचं असतं. मग होम ऑफिसचं पत्र येतं आणि साधारण ६० दिवसांत नवा स्पॉन्सर शोधायचा किंवा दुसरा मार्ग धरायचा असतो. त्यांच्या व्हिसाबरोबर तुमचाही जातो. तुमच्या मॅटर्निटी पेचा हक्क तुमच्या नोकरीतला आहे, पण इथे राहण्याचा पाया त्यांच्या व्हिसात आहे, हे विसरू नका. नॅशनल इन्शुरन्सची वर्षं मात्र वाया जात नाहीत: दहा वर्षं भरली की ब्रिटिश स्टेट पेन्शनचा काही हिस्सा मिळतो, भारतात राहूनही. तिथे ती दरवर्षी वाढत नाही, ज्या आकड्यावर सुरू झाली तिथेच थांबते.

आई येत आहेत, तर त्यांच्याबद्दल. व्हिजिट व्हिसावर सरचार्ज नसतो, म्हणून एनएचएसचं छत्रही नसतं. जीपीला दाखवणं आणि अपघात विभागातली तपासणी याला पैसे पडत नाहीत, पण वॉर्डात दाखल केलं की त्या क्षणापासून बिल सुरू होतं आणि परदेशी पाहुण्यांना ते एनएचएसच्या दराच्या दीडपट लागतं. ५०० पौंड किंवा त्याहून जास्त बिल थकलं तर पुढच्या व्हिसाला ते कारण होऊ शकतं. रक्तदाब किंवा साखर असेल तर ती सांगून, जुन्या आजाराचाही विचार करणारा प्रवासी विमा भारतातूनच काढा. निघताना तीन महिन्यांच्या गोळ्या आणि डॉक्टरांचं पत्र बॅगेत असू द्या.

तुमच्या प्रश्नात नसलेलं, पण वाचणाऱ्या कुणा बाईला कामी येईल असं: डिपेंडंट व्हिसावर आहे म्हणून मारझोड सहन करावी लागते असं नाही. फेब्रुवारी २०२४ पासून घरगुती छळातून बाहेर पडणाऱ्या वर्कर आणि स्टुडंट व्हिसाच्या डिपेंडंटनाही तीन महिन्यांची एक सवलत मागता येते. तिच्यात पब्लिक फंड्सची बंदी उठते आणि राहण्याखाण्याची सोय होऊ शकते. मात्र ती घेतली की आधीचा व्हिसा संपतो आणि वर्कर-स्टुडंटच्या डिपेंडंटना त्यातून थेट आयएलआरचा रस्ता नाही. म्हणून अर्ज टाकण्यापूर्वी सल्ला घ्यावा. जिवाला धोका असेल तर आधी ९९९, बाकी सगळं नंतर. लहान मुलांसह कोणी उघड्यावर पडलं तर १९८९ च्या चिल्ड्रन अॅक्टच्या कलम १७ खाली काउन्सिलच्या सोशल सर्व्हिसेस मदत करू शकतात. तीही पब्लिक फंड नाही. फूडबँक संस्था चालवतात, तिथे व्हिसाचा प्रश्नच येत नाही. अट उठवण्याचा मोफत अर्जही आहे, पण तो प्रामुख्याने पती-पत्नी किंवा पालक या कौटुंबिक व्हिसावाल्यांसाठी. स्किल्ड वर्करने त्याची आशा धरू नये.

हे सगळं तुमच्या व्हिसावर खरंच ती अट आहे असं धरून लिहिलं. बहुतेक स्किल्ड वर्कर आणि त्यांच्या डिपेंडंटवर असते, पण यूकेव्हीआय अकाउंटमध्ये (होम ऑफिसच्या व्हिसा विभागाच्या ऑनलाइन खात्यात) जाऊन ई-व्हिसा उघडा आणि अटींच्या रकान्यात पब्लिक फंड्सबद्दल काय लिहिलंय ते दोघांचं वेगवेगळं वाचा. व्हिसाची जुनी प्लास्टिक कार्डं २०२४ च्या अखेरीस संपली, त्यांच्या फोटोवर विसंबू नका. आणि मी लिहिलं ते इंग्लंडचं. स्कॉटलंड, वेल्स किंवा उत्तर आयर्लंडमध्ये बदली झाली तर औषधं, नर्सरी आणि स्थानिक भत्ते यांचे नियम वेगळे आहेत.

कुठल्या फॉर्मवर अडलात तर पैसे घेऊन सल्ला देणाऱ्याला आधी विचारा की तो वकील आहे की इमिग्रेशन अॅडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंदलेला आहे. जानेवारी २०२५ पर्यंत हिचं नाव ओआयएससी होतं, जुन्या पाट्यांवर अजून तेच दिसतं. नोंदणी ऑनलाइन तपासता येते आणि नोंदणीशिवाय इमिग्रेशनचा सल्ला देणं इथे गुन्हा आहे. भेटायला जाताना दोघांच्या ई-व्हिसाचा प्रिंट, शेवटच्या तीन पेस्लिपा आणि ज्या फॉर्मबद्दल शंका आहे तो न भरता घेऊन जा.